दर पावसाळ्यात 'दमा' होणारा सबवूफर

"परत घुमायलंय बघ. ये जरा, सवड काढून."

सांगलीच्या गावभागातल्या एका काकांचा हा फोन वर्षातून दोनदा ठरलेला. एक जुलैत, दुसरा गणपतीच्या तोंडावर. जुलैतली तक्रार अशी की सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा डबा, बसला, बेस येतच नाही. गणपतीत नेमकं उलटं. बेस इतका की बुवांचं गाणं राहतं बाजूला आणि खोलीत नुसतं घूं-घूं. ॲम्प तोच, स्पीकर तेच, सबवूफर तोच. काकांचं निदानही कायम एकच : "पावसाळी हवा बाधते रे त्याला. दमा आहे."

मी कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. साऊंड हा माझा धंदा नव्हे, पण ज्याच्या घरी मल्टीमीटर त्याच्या दारात गल्लीतला प्रत्येक मुका किंवा बडबडा डबा येऊन पडतो. पहिली दोन वर्षं मीही काकांकडे जाऊन सबवूफरचा नॉब थोडा इकडे, थोडा तिकडे करून, काकूंनी दिलेलं भडंग खाऊन परत यायचो. आठवडाभर बरं चालायचं. तिसऱ्या वर्षी नॉबला हात लावायचा नाही असं ठरवून गेलो, तेव्हा कुठे दुखणं हाती लागलं.

दमा वगैरे काही नाही. सेट जिने चढतो आणि उतरतो, एवढंच आहे ते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा काकांचा आधीचा सेट पाण्यात गेला. तेव्हापासून घरात नियम आहे. पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पण पाणी ३५ च्या पुढे सरकलं की काका थांबत नाहीत. टीव्ही, गाद्या, देवघरातलं चांदीचं आणि हा सेट, सगळं माडीवर. मग पाऊस ओसरला, चतुर्थीच्या आधी गुपचूप बसणारे चोर गणपती बसले, की सगळं खाली.

आता घर बघा. वाड्याचा मागचा भाग पाडून तिथे स्लॅबचं बांधकाम झालंय. खालचा हॉल त्यात आहे : १६ फूट लांब, ११ रुंद, १० उंच, विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी. पुढची माडी मात्र जुनीच. लाकडी तक्तपोशी, वर कौलं, लांबी २२ फूट, रुंदी १२, आणि मधोमध तुळईला टांगलेला झोपाळा. काका खाली ऐकतात ते मागच्या भिंतीला टेकवलेल्या आरामखुर्चीत. वर ऐकतात ते झोपाळ्यावर.

माडीवर लाकूड आणि कौलांतून बेस निसटून जातो. शिवाय झोपाळा खोलीच्या बरोबर मध्यावर, जिथे खालचे सूर सगळ्यात अशक्त असतात. म्हणून जुलैत काका सबवूफरचा गेन, म्हणजे त्याचा आवाज कमी-जास्त करणारा नॉब, वाढवतात. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर नऊवरून एकवर नेतात. गणपतीत सेट खाली येतो, गेन एकवरच राहतो. खाली स्लॅब, विटा, फरशी. बेसला बाहेर पडायला जागा नाही, आणि खुर्ची भिंतीला. घुमणारच. मग मी जाऊन गेन नऊवर आणायचा, आणि पुढच्या जुलैत सबवूफर पुन्हा 'बसायचा'. आम्ही दोघं मिळून वर्षानुवर्षं एका नॉबशी झोंबी खेळत होतो.

ज्यांच्याकडे पूर येत नाही त्यांनी हसू नये. मिरजेला माझ्या मावसभावाचा फ्लॅट आहे. त्याच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत सोफा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला गेला आणि हेच झालं. "नवीन घेतला तेव्हा छान वाजत होता, आता बिघडलाय" अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारतो : मधल्या काळात खोलीत काय हललं?

खोलीचा स्वतःचा सूर

आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एखाद्या सुराची अर्धी लहर बरोबर मावली की तो सूर खोली स्वतःच गायला लागते. हिशेब सोपा आहे. ५६५ ला खोलीच्या फुटातल्या लांबीनं भागा. काकांच्या हॉलचे आकडे असे निघाले : लांबीचा ३५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ३५ कंपनं), रुंदीचा ५१, उंचीचा ५६. त्यांच्या दुपटी-तिपटीही त्यात धरायच्या. लांबीची दुप्पट झाली ७० हर्ट्झ, आणि काकांची खरी दुखरी नस तीच होती.

कशी ते ऐका. काका ऐकतात ख्याल, तेही बहुतेक पुरुष गायकांचे. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला असते. म्हणजे बुवा गायला बसायच्या आधीच, तंबोरा लागताक्षणी, काकांचा हॉल त्या खर्जाला साथ द्यायला लागायचा. खरं तर तंबोऱ्याच्या आवाजात मूळ सूर तसा दुबळाच असतो. जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेखाली ठेवलेल्या दोऱ्यानं येणाऱ्या झंकारामुळे, वरच्या स्वयंभू स्वरांचं राज्य असतं तिथे. तो दुबळा खर्ज ढोलासारखा ऐकू यायला लागला तर समजावं की तंबोरा नाही, खोली वाजतेय. मिरजेत तंबोरे बनतात, काकांच्या नात्यात एक तिथलाच आहे, त्यामुळे खरा कसा वाजतो हे त्यांना सांगायची गरज नव्हती. उलट तेच म्हणाले, "हां, भोपळा एवढा बोलत नाही कधी."

तुम्ही सिनेसंगीतवाले असाल तर बेस गिटारवर हीच परीक्षा करा. तिची सगळ्यात जाड तार सुटी वाजली की ४१ हर्ट्झ. एका गाण्यात बेसचे पाच-सहा सूर खालीवर होत असतात. त्यातला एकच अंगावर येतो आणि बाकीचे गायब, असं झालं तर खोली किंवा जागा चुकतेय. सगळेच सूर सारखे फुगलेले वाटत असतील तर गेन किंवा क्रॉसओव्हर (सबवूफरनं कुठवर वाजायचं ते ठरवणारा नॉब) चुकतोय. एवढा फरक कानाला ओळखता आला की निम्मं काम झालं.

आणखी खात्री हवी तर फोनवर टोन जनरेटरचं फुकट ॲप घ्या, ॲम्पच्या ऑक्स इनपुटला जोडा आणि अगदी हळू आवाजात ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत सावकाश सरकवत न्या. कुठे फुगतंय, कुठे बुडतंय ते कागदावर लिहा. मोजायचंच असेल तर रूम ईक्यू विझर्ड हे जॉन मलकाही यांचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पण त्याला बरा माइक लागतो. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, खाली-खाली तो बहिरा होत जातो. त्यावरचे आकडे खरे मानू नका. 'आधीपेक्षा कमी की जास्त' एवढंच त्याला विचारा.

जागा आधी, नॉब शेवटी

सबवूफर कुठे ठेवायचा याची एक जुनी युक्ती आहे. बघणाऱ्याला वेड लागल्यासारखी दिसते, पण खोटी ठरलेली मी पाहिली नाही. जिथे बसून ऐकता तिथे सबवूफर ठेवायचा, बेसचं एक ओळखीचं गाणं लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगत जायचं. जिथे बेस सगळ्यात सारखा आणि स्पष्ट वाटेल ती सबवूफरची जागा. 'सगळ्यात मोठा वाटेल' असं मी म्हटलेलं नाही. मोठा तो कोपऱ्यातच वाटणार.

काकांच्या हॉलमध्ये खुर्चीच्या जागी स्टूल, स्टुलावर सबवूफर, आणि मी व त्यांचा नातू फरशीवर रांगतोय. शेजारच्या वहिनी दारात आल्या, बघितलं आणि काही न बोलता परत गेल्या.

कान थांबले ते बाजूच्या भिंतीला, पुढच्या कोपऱ्यापासून चार फुटांवर. सोळा फुटांचा चौथा हिस्सा. म्हणजे तीच जागा जिथून तो ७० हर्ट्झचा सूर खोलीला उठवताच येत नाही. आधी सबवूफर कोपऱ्यात होता. कोपरा खोलीचा प्रत्येक सूर जागा करतो. कमी ताकदीचा सबवूफर असेल तर ही फुकटची मदत वाटते, पण ती नंतर व्याजासकट वसूल होते.

दुसरं पाप खुर्चीचं. भिंतीजवळ सगळे खालचे सूर शिगेला असतात. खुर्ची तीन फूट पुढे घेतली तर हिशेबानं ७० हर्ट्झचा फुगवटा आठेक डेसिबलनं उतरतो, आणि तेवढा तो खरंच उतरल्यासारखा वाटला. चार फूट घेतली असती तर आणखी बरं, पण मग काकूंना स्वयंपाकघरातून यायला वाट उरली नसती. तीन फुटांवर तह झाला.

दोन सबवूफर घेतले तर हे दुखणं बरंच कमी होतं. हर्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये यावर एक निबंध मांडला होता : समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला तर खोलीभर बेस बराच सारखा पसरतो. एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान बरे, असं माझंही मत झालंय. काकांना सांगितलं. त्यांनी जिन्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन कोण चढवणार? तू?"

जोडणीतल्या चुका

वर्षातून दोनदा सगळ्या वायरी सोडायच्या आणि परत जोडायच्या म्हटल्यावर चुका होणारच. तिसऱ्या वर्षी जुलैत बेस गायब झाला, त्याचं निम्मं कारण हेच होतं.

काकांचा ॲम्प जुना, सबवूफरसाठी वेगळं आऊटपुट नाही. अशा वेळी सबवूफरच्या मागे स्पीकर वायरसाठी जी हाय लेव्हल इनपुट असते ती वापरायची. ॲम्पच्या ज्या टर्मिनलना स्पीकर जोडलेत, तिथूनच आणखी एक वायरजोडी सबवूफरला. या इनपुटचा रोध इतका जास्त असतो की ॲम्पवर भार येत नाही. मात्र क्लास डी (हल्लीच्या लहान, कमी तापणाऱ्या जातीचा) ॲम्प असेल तर आधी त्याचं पुस्तक वाचा. त्यातल्या बऱ्याच ॲम्पमध्ये काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. डावं-उजवं काळं एकत्र बांधलं तर ॲम्प जाऊ शकतो.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण महिन्यातून एकदा कुणीतरी विचारतंच. जुन्या ५.१ होम थिएटरमधला सबवूफर, ज्याला स्वतःची लाईटची वायर नाही, तो स्टिरिओ ॲम्पच्या टर्मिनलवर स्पीकरच्या जोडीला लावायचा नाही. ८ ओहमच्या शेजारी ४ ओहम आला की ॲम्पला दिसतात जेमतेम २.७. ॲम्प तापेल, बंद पडेल, आणि नशीब नसेल तर धूर.

काकांकडची चूक साधी होती. वर नेताना डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली होती. एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि दोघांचा बेस मधल्या मध्ये एकमेकांना खातो. सबवूफरला डावं आणि उजवं एकत्र मिळतं, त्यामुळे तो बिचारा बरोबर असूनही स्पीकरशी त्याचं पटत नाही. ओळखायची खूण अशी की गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध उभा न राहता खोलीभर सांडल्यासारखा वाटतो. संशय असेल तर ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी सोडा आणि त्याच्या टर्मिनलना क्षणभर पेन्सिल सेल लावा. सेलची धन बाजू लालला. वूफर बाहेर आला तर लाल ते लालच. हा प्रयोग साध्या स्पीकरवर करायचा. आत ॲम्प असलेल्या सबवूफरवर नाही.

नातवानं मधे एक आधुनिक तोडगा काढला होता. माडीवर वायर लोंबकळायला नको म्हणून सबवूफरला ब्लूटूथचा डबा. तीनतालात समेचा 'धा' दोनदा यायला लागला. नेहमीच्या ब्लूटूथला १५०-२०० मिलिसेकंद उशीर सहज होतो. २०० मिलिसेकंदांत आवाज सव्वादोनशे फूट जातो. म्हणजे सबवूफर माडीवर नाही, घाटावर ठेवल्यासारखा. डबा त्याच दिवशी काढला.

क्रॉसओव्हर, फेज आणि मग गेन

क्रम हाच. बहुतेक जण उलटा करतात, मीही दोन वर्षं तेच केलं.

क्रॉसओव्हर म्हणजे सबवूफरनं कुठवर बोलायचं याची वेस. काकांच्या स्पीकरला साडेसहा इंची वूफर, ते ५०-५५ हर्ट्झपर्यंत स्वतः व्यवस्थित जातात. आणि सबवूफरचा नॉब होता १२० वर! म्हणजे ५५ ते १२० हा सगळा पट्टा दोघंही वाजवत होते. तबल्याच्या बायाचा मूळ सूर शंभर हर्ट्झच्या खालीवर असतो, पुरुषी आवाजाचा खर्जही तिथेच उतरतो. जोड आवाज झाल्यावर बायाँ डग्गा न राहता पिंप होतो. साध्या स्टिरिओत ॲम्प स्पीकरचा बेस कापत नाही, त्यामुळे सबवूफरनं फक्त स्पीकर जिथे दमतात त्याच्या खालचं बघायचं. लहान, चार-पाच इंची स्पीकर असतील तर ७०-८० पासून सुरुवात करा, मोठे असतील तर ५०-६०. ८० च्या फार वर नेलं तर आवाज कुठून येतोय ते कानाला कळायला लागतं, आणि तबलजी कोपऱ्यात जाऊन बसतो.

सबवूफरवर एलएफई (होम थिएटरच्या वेगळ्या बेससाठीची) लिहिलेली पिन असेल तर लक्षात ठेवा, तिथे बहुतेक वेळा हा क्रॉसओव्हर चालतच नाही. स्टिरिओ ॲम्पचं प्रीआऊट, म्हणजे पुढच्या यंत्राला सगळा सिग्नल देणारी पिन, तिथे खोचलं तर सबवूफरमधून बुवांचं बोलणंसुद्धा ऐकू येईल.

फेज म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांची हवा ढकलायची-ओढायची वेळ जुळवणं. त्यासाठी कानाला फसवता न येणारी पद्धत अशी. क्रॉसओव्हर ६० ला ठेवलाय तर ६० हर्ट्झचाच टोन लावा. ॲम्प बंद करून दोन्ही स्पीकरची लाल-काळी वायर मुद्दाम उलटी करा. परत चालू करून आपल्या जागी बसा आणि दुसऱ्याला फेजचा नॉब फिरवायला सांगा. टोन जिथे सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा. मग वायरी सरळ करा. आवाज कमीत कमी होणं कानाला पटकन कळतं, जास्तीत जास्त होणं नीट कळत नाही, म्हणून हा उलटा मार्ग. तुमच्या सबवूफरला नुसतं ०-१८० चं बटण असेल तर एवढा खटाटोप नको. वायरी सरळ ठेवून ज्या बाजूला टोन मोठा, ती बाजू. काकांचं हे बटण जिन्यात हाताच्या धक्क्यानं पलटायचं, हे पुढच्या वर्षी कळलं. त्यावर आता सेलोटेप आहे.

गेन सगळ्यात शेवटी. शून्यावरून सुरू करून हळूहळू वाढवायचा आणि 'हं, आला सबवूफर' असं वाटलं की किंचित मागे यायचं. गाणं बदललं म्हणून तो बदलायचा नाही. ही सवय मोडायला काकांना सगळ्यात जड गेलं. एका दुपारी बालगंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावून ते गेन वाढवत बसले होते, बेस येईना म्हणून. येणार कुठून? १९२५ च्या आधी भोंग्यात गाऊन रेकॉर्ड व्हायच्या, त्यात खालचे सूर उतरतच नसत. नंतर विजेचं रेकॉर्डिंग आलं तरी ७८ च्या तबकड्यांत अगदी तळाचं फारसं काही नसतं. तिथे सबवूफर वाजवणार फक्त सुईची घरघर. जुन्या रेकॉर्डना सबवूफर सरळ बंद करावा. नागठाण्याच्या त्या गंधर्वाला खर्जाची उसनवारी लागत नाही.

स्पीकरच्या मागे हवेचं भोक असेल आणि तो भिंतीला चिकटून ठेवावा लागत असेल, तर त्या भोकात स्वच्छ पायमोजा गुंडाळून घाला. हसू येईल, पण स्पीकरचा बेस आटोपशीर होतो आणि सबवूफरशी जुळवणं सोपं जातं.

घूं... म्हणजे घुमणं नव्हे

काका दोन्हीला 'घुमतंय'च म्हणतात, त्यामुळे एक फेरी माझी फुकट गेली. गाणं बंद असताना सबवूफर बारीक, एकसुरी घूं करत असेल तर तो लाईटचा ५० हर्ट्झ, किंवा त्याची दुप्पट १००. याचा खोलीशी संबंध नाही.

आधी सबवूफरच्या सगळ्या सिग्नल वायरी काढा. तरीही घूं आली तर दोष त्याच्या पोटात आहे, दुरुस्तीला द्या. गेली तर अर्थिंगची वाट दोन ठिकाणांहून झालीय. ॲम्प आणि सबवूफर एकाच एक्सटेन्शन बोर्डवर घ्या. नाही गेली तर सेटटॉप बॉक्सची डिश किंवा केबलची तार काढून बघा; गुन्हेगार बऱ्याचदा तीच असते. तीच निघाली, किंवा आरसीए (गोल पिनेच्या साध्या ऑडिओ) केबलवर घूं राहिली, तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा छोटा डबा मिळतो, तो लावा. प्लगची अर्थची जाड पिन कापून घूं घालवणारे 'तज्ज्ञ' गावोगाव आहेत. ते करू नका. घूं जाते, आणि एखाद्या दिवशी माणूसही जातो.

आमच्याकडे दोन खास कारणं निघाली. माडीवरच्या जुन्या बोर्डला अर्थिंगच नव्हतं, ॲम्पच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. वायरमन बोलावून वेगळी अर्थ वायर वर नेली. दुसरं, लाईट गेली की घूंऐवजी चरचर यायची. काकांचा इन्व्हर्टर स्वस्तातला, त्याची लहर चौकोनी. ती ट्रान्सफॉर्मरला मानवत नाही. इन्व्हर्टरवर सेट लावायचा नाही, असं ठरलं. उन्हाळ्यात घूं वाढत असेल तर अर्थचा खड्डा सुकलाय का बघा. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर वायरमनला दाखवाच.

'दम्या'त मात्र थोडं तथ्य आहे. दमट हवेत आरसीएच्या पिना काळ्या पडतात, नॉब खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ केलं की जातं. वूफरची कडा फोमची असेल तर काही वर्षांत तिचा भुगा होतो, रबराची टिकते. आणि पुराचं पाणी लागलेला सेट सुकल्यासारखा दिसला म्हणून 'चालतोय का बघू' करत पिन खोचू नका. आतला गाळ उघडून धुतल्याशिवाय त्याला वीज दाखवायची नाही.

आणखी एक. आलापात सबवूफर झोपतो. ॲटो लावलं असेल तर खालचा सूर बराच वेळ आला नाही की तो स्वतःला बंद करतो, आणि विलंबितात तबला सुरू झाल्यावर मधेच 'थप्प' करून जागा होतो. ॲटोचं बटण ऑनवर करा, मैफल संपली की भिंतीवरूनच बंद करा.

पिवळी आणि हिरवी

आता काकांच्या सबवूफरच्या मागे इलेक्ट्रिकलच्या दोन टेपा आहेत. पिवळी म्हणजे खालचा हॉल : गेन नऊवर, क्रॉसओव्हर ५५, फेज सेलोटेपखाली. हिरवी म्हणजे माडी : गेन साडेदहाच, कारण झोपाळ्याऐवजी मागच्या बाजूच्या गादीवर बसायचं कबूल झालंय. हॉलच्या फरशीवर आणि माडीच्या तक्तपोशीवर सबवूफरच्या चारही पायांच्या खुणा खडूनं नव्हे, रंगानं केल्यात. लाल वायरींच्या टोकांना लाल नेलपॉलिश लावलंय. ते काकूंनी कुठून आणलं ते विचारलं नाही.

यंदाच्या जुलैत फोन आला तो असा : "पाणी सदतीसवर आहे. हिरवी ना रे?" मी म्हटलं, "हिरवीच. आणि बसायचं गादीवर, काका." पलीकडून उत्तर नाही, पण कडीचा किरर्र आवाज आला. ४७ हर्ट्झला, म्हणजे माडीच्या बारा फुटी रुंदीच्या सुराला, झोपाळ्याची डावी कडी वाजते. तेल घालून झालं, काही उपयोग नाही. आता सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मधे बसवून बघणार आहे.